डोंगरभर नवरदेव

रोपवाटिका सांभाळणाऱ्या बाईला गाव तोंडावर रोपवाली म्हणे आणि पाठीमागे फौजदार. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. अंगाने काडी, पण आवाज असा की पायथ्याशी उभी राहून ओरडली तर माथ्यावरची शेळी खाणं सोडून खाली बघेल. कमरेला सुतळीचा गुंडा, जुन्या कोटाच्या खिशात छाटणीची कात्री, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय अजिबात नाही. एवढ्या भांडवलावर तिने उघडाबोडका डोंगर हिरवा केला. ही गोष्ट तिथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ती तिथे संपली नाही, म्हणून तर सांगावी लागतेय.

डोंगर म्हणजे गावाच्या पाठीशी उभा असलेला एक मोठा उतार. कधीकाळी त्याच्यावर तेलझाडांचं रान होतं. तेलझाड हे गावातलं नाव. पुस्तकात त्याला काही वेगळं म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनी म्हणावं. सुपारीएवढं फळ, आत टणक बी, बी फोडून घाण्यात घातलं की पिवळं, मंद वासाचं तेल. चुलीला, दिव्याला, साबणाला, दुखऱ्या गुडघ्याला, सगळ्याला तेच. मग विटांच्या भट्ट्या आल्या, भट्ट्यांना लाकूड लागलं, आणि ते गावानेच हौसेने तोडून दिलं. कोणी बाहेरून येऊन लुटलं वगैरे काही नाही, आपल्याच लोकांनी आपल्याच कुऱ्हाडींना धार लावली. रान गेलं तसा पायथ्याचा झरा आटला, पावसाळ्यात डोंगराची माती थेट स्वयंपाकघरात यायला लागली, आणि जे काही कोवळं फुटेल त्याचा समाचार शेळ्या घ्यायला लागल्या.

वनखात्याने तेव्हा एक गोष्ट मात्र बरी केली. आम्ही झाडं लावतो, तुम्ही बाजूला व्हा, असं न म्हणता, झाडं तुम्हीच लावा, तुम्हीच राखा आणि फळही तुम्हीच घ्या, असं म्हटलं. अट एकच, फळ धरेपर्यंत उतारावर शेळी चढणार नाही. रोपवाटिका निघाली आणि ती रोपवालीकडे आली, कारण झाडांचं वेड तिच्याइतकं दुसऱ्या कोणालाच नव्हतं. शेळीबंदीला गावाची संमती मिळवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं, कारण गावात सगळ्यात जास्त शेळ्या होत्या तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या.

ही धाकटी त्याच गावात दिलेली, उताराच्या अगदी खाली शेवटचं घर. थोरली जितकी बोलकी तितकी धाकटी घुमी. पण शेळीवाल्या बायका वागायच्या ते तिच्याकडे बघून. ती नाही म्हणाली असती तर डोंगर आजही तसाच उघडा पडलेला असता. रोपवाली तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, विकून टाक सगळ्या. दहाबारा वर्षं कळ काढ, मग फळ असं येईल की घाणा तुझ्याच दारात बसवू, यात शंकाच नको. धाकटीने थोरलीच्या तोंडाकडे बघितलं आणि अख्खा कळप विकून टाकला. एक दुभती शेळी तेवढी ठेवली, लहान पोरीच्या दुधासाठी.

पुढच्याच वर्षी ती एकुलती एक शेळी कुंपणाच्या फटीतून आत शिरली. रोपवालीने ती धरली, रोपवाटिकेच्या शेडमध्ये बांधली आणि दंड भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. लोक म्हणाले, अगं, बहीण आहे तुझी. ती म्हणाली, म्हणूनच. बहिणीला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू? बरोबरच होतं तिचं. त्या दिवसापासून गावाने तिचा असा धसका घेतला की एकही शेळी वर गेली नाही. धाकटीने दंड भरला, शेळी सोडवून नेली आणि पुढच्या बाजाराला विकून आली. बोलली काही नाही. रोपवालीला वाटलं, समजूतदार आहे बिचारी.

आता खरी गोम ऐका. तेलझाडाचं बी पेरलं तर उगवायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. म्हणून पूर्वीपासूनची पद्धत अशी, की पानगळीत मनगटाएवढी जाड फांदी तोडायची, थोडे दिवस सावलीत ठेवायची आणि सरळ जमिनीत रोवायची. धरली तर झाड, नाही धरली तर चुलीत. पण फांद्या आणायच्या कुठून? डोंगर तर बोडका. गावात मोठी तेलझाडं उरली होती दोनच, एक धाकटीच्या परसात आणि एक मोटारथांब्याच्या वळणावर.

धाकटीचं झाड फळं द्यायचं, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. वर्षानुवर्षं लोकांनी काठ्यांनी झोडपून फळं पाडलेली, त्यामुळे फांद्या मोडलेल्या, पिचलेल्या, जागोजागी गाठी आलेल्या. थांब्यावरचं झाड मात्र बघतच राहावं असं. सरळ, गुळगुळीत, धष्टपुष्ट फांद्या. त्याला कधी कोणी काठी लावलीच नव्हती, कारण त्याला कधी फळच आलेलं नव्हतं. हे काही गुपित नव्हतं. रस्त्याची धूळ आहे, गाड्यांचा धूर आहे, बुंध्याला सिमेंट ओतलंय, फळ येणार कुठून, असं सगळेच म्हणायचे. सावलीला बरं म्हणून ते वाचलेलं. रोपवालीने दोन्ही झाडं निरखून बघितली आणि तुम्ही-आम्ही निवडलं असतं तेच निवडलं. धुराधुळीतून बाहेर काढलं की फळतंय बघा, असं ती म्हणाली. गावाने मान डोलावली, खात्याच्या साहेबांनी मान डोलावली. अख्ख्या डोंगरावर त्या एकाच झाडाच्या फांद्या रोवल्या गेल्या.

आणि झाडं अशी धरली म्हणता! पाचसात वर्षांत उतारावर सावली झाली. माती जागच्या जागी थांबली. आटलेला झरा आधी ओलावला, मग पाझरला, मग उन्हाळ्यातसुद्धा वाहायला लागला. कोणी कधी न बघितलेले पक्षी आले. लांबलांबहून पाहुणे आले, फोटो काढून गेले, आणि प्रत्येक फोटोत रोपवाली मधोमध, कमरेवर हात ठेवून उभी. तिचा नवरा गवंडी, बोलायला तिरकस. तो म्हणायचा, माझ्याशी लग्न करताना एवढी ताठ उभी राहिली नव्हती.

फोटोत जे येत नाही ते खाली गावात चाललं होतं. शेळ्या गेलेल्या, फळ अजून आलेलं नाही, मधली वर्षं लोकांनी खायचं काय? तरणी माणसं एकेक करून बाहेर पडली. धाकटीचा नवरा लांबच्या शहरात एका गोदामात हमालीला गेला. मग मुलगा गेला. मग पोरीलाही शाळेसाठी तिकडेच नेलं. धाकटी एकटी घर धरून राहिली. आणि गंमत बघा, तिच्या परसातलं ते पिचकं झाड नेमकं याच काळात फळांनी लगडायला लागलं. पूर्वी टोपलीभर फळ यायचं, आता फांद्यांना टेकू द्यावे लागायला लागले. ती एकटीच बी फोडायची, तेल काढायची, बाजारात विकायची, आणि त्याच्यावर तिचं भागायचं. रोपवाली सगळ्यांना सांगत सुटली, डोंगराची हवा सुधारली, त्याचा हा गुण. ते खरंही होतं, पण कसं खरं होतं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खालच्या झाडांवर तुरळक तुरे आधीपासून दिसायचे, पण मग एका वर्षी अख्ख्या डोंगराला पहिल्यांदा मोहोर आला. सगळा उतार पिवळट तुऱ्यांनी भरून गेला, वास गल्लीगल्लीत. लोकांनी घाण्याला तेलपाणी करून ठेवलं. मोहोर झडला आणि मागे काहीच राहिलं नाही. पहिलं फूल गळतंच, रोपवाली म्हणाली. दुसऱ्या वर्षी तेच. तेव्हा ती म्हणाली, मधमाश्या कमी पडतायत. आणि कुठून कुठून मधमाश्यांच्या पेट्या आणवल्या. माश्यांनी मध झकास केला. फळ एकही नाही. तिसऱ्या वर्षी खात्यातून झाडांची जाणकार बाई आली. तिने चारपाच तुरे हातात घेऊन भिंगातून बघितले, मग वर चढून आणखी काही बघितले, आणि खाली येऊन अगदी हळू आवाजात सांगितलं की तेलझाडात नर वेगळा आणि मादी वेगळी असते, आणि या डोंगरावरची सगळी झाडं नर आहेत. सगळी म्हणजे सगळी, कारण ती मुळात एकाच झाडाच्या फांद्या.

रोपवालीने बाईच्या हातातलं भिंग घेऊन एकेक तुरा स्वतः बघितला. गवंड्याने तिला पाणी दिलं आणि राहवलं नाही म्हणून बोलून गेला, "अगं, डोंगरभर नवरदेव उभे केलेस, आणि नवरी एकच. तीही तुझ्या बहिणीच्या परसात."

त्याला तिथल्या तिथे जीभ चावावीशी वाटली, पण बोलणं गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. रोपवाली दिसली की कोणी ना कोणी विचारायचं, काय, यंदा तरी स्थळ जमतंय का? काही दिवस गाव पोट धरून हसलं. मग हसू ओसरलं आणि लोकांना एकेक गोष्ट आठवायला लागली. विकलेल्या शेळ्या आठवल्या, बाहेर गेलेली पोरं आठवली. मग मात्र कोणी हसेना, आणि रोपवालीला ते हसणं बरं होतं असं वाटायला लागलं.

अशातच कोळशाचा ठेकेदार आला. उभा डोंगर द्या, तोडायचं मी बघतो, तुम्ही घरबसल्या पैसे घ्या. शाळेच्या खोलीत सभा भरली. रोपवालीने झऱ्याचं सांगून बघितलं. मागून एक बाई म्हणाली, झऱ्याचं पाणी गोड आहे गं, पण त्यात काय शिजवू तेवढं सांग. खात्याचा तरुण अधिकारी उभा राहिला आणि म्हणाला, एक वाट आहे. नर झाडांचे शेंडे छाटायचे, बुंध्यात पाचर मारून फळणाऱ्या झाडाच्या काड्या बसवायच्या, म्हणजे कलम करायचं. मूळ जुनंच असल्याने तीनचार वर्षांत फळ दिसेल. परागासाठी थोडे नर तसेच ठेवायचे. बरीच घासाघीस होऊन ठरलं की या पानगळीत मधला सगळा पट्टा कलम झालेला दिसला तर गाव थांबेल, नाही तर डोंगर ठेकेदाराला.

मग कोणीतरी विचारलं, काड्या कुठल्या? खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. धाकटी भिंतीशी बसली होती. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि कोणाकडेही न बघता निघून गेली.

रोपवालीने जन्मभर लोकांना सांगितलं होतं, मागितलं कधी नव्हतं. सांगायला आवाज लागतो, तो तिच्याकडे होता. मागायला काय लागतं हे तिला कळेना. तिने आधी कलमाची सुरी पाजळली, मग गोणपाटं धुऊन वाळत घातली, मग नसलेली कामं काढली. पानगळ अर्धी सरत आली. काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगायच्या आत त्या निघाल्या नाहीत तर सगळंच मुसळ केरात, हे तिच्याइतकं कोणाला कळत होतं? एके सकाळी गवंडी म्हणाला की सुरी आता इतकी धारदार झालीय की बघूनच कापतंय, तेव्हा ती ठेव आणि जा. ती गेली.

धाकटी परसात झाडाखाली बसून दगडावर बी फोडत होती. रोपवालीने आधी पोरीची चौकशी केली, मग मेहुण्यांची, मग पाठदुखीची.

"कामाचं बोल, ताई," धाकटी म्हणाली.

मग तिने सांगितलं. लपवलं काही नाही, हे तिच्या बाजूने म्हणायलाच हवं. झाड म्हातारं, ठिसूळ. चढून शेंड्यांपर्यंत पोचता येणार नाही, म्हणून अख्ख्या फांद्या करवतीने उतरवाव्या लागतील. काड्या लागतील त्या सगळ्याच, आणि फळ धरतं तेही त्याच काड्यांवर. म्हणजे दोनतीन वर्षं या झाडाला फळ नाही. आणि एवढी छाटणी या वयात त्याला सोसेल का, हे कोणी सांगू शकत नाही.

धाकटी बी फोडत राहिली. टरफलं एकीकडे, गर एकीकडे.

"शेळ्या मी दिल्या," ती अखेर म्हणाली. "आता झाडही मी देऊ. तू काय दिलंस?"

"मी?" रोपवालीला ते झोंबलं. "सगळं आयुष्य घातलं मी त्या डोंगरात."

"ते तुला आवडत होतं म्हणून घातलंस. न आवडणारं काय दिलंस?"

रोपवाली कमरेचा सुतळीचा गुंडा उलगडून पुन्हा गुंडाळत बसली. गावाला हे बघायला मिळालं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता.

धाकटीने दगड खाली ठेवला. घुम्या माणसाचं असंच असतं, बोलायला लागलं की वर्षानुवर्षांचं बाहेर येतं. ती म्हणाली की शेळीला दंड लावलास त्याचा मला राग नाही. दंड बरोबरच होता, तुझ्या जागी मी असते तर मीही लावला असता. पण तू शेळी बांधून ठेवलीस त्या दिवशी पोरीला दूध नव्हतं. तुला माहीत होतं. तुझ्या घरी दूध होतं. "संध्याकाळी पेलाभर दूध घेऊन यायला तुझा कुठला नियम आडवा येत होता?"

रोपवालीला तो दिवस लख्ख आठवत होता. त्या संध्याकाळी ती रोपांना पाणी घालत होती आणि आपण किती खंबीर वागलो याचं तिला मनातल्या मनात कौतुक वाटत होतं. पोरीचा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. तिला रडू आलं. कोटाच्या बाहीने ती डोळे पुसत राहिली आणि धाकटीने तिला पुसू दिले, जवळ आली नाही आणि ऊठही म्हणाली नाही.

थोड्या वेळाने धाकटीनेच विचारलं, फळ यायला तीनचार वर्षं ना? तोवर लोकांनी काय खायचं? मागच्या वेळी हे कोणी विचारलं नाही म्हणून माझं घर रिकामं झालं. मग तिने आपली अट सांगितली. डोंगराचा खालचा पट्टा शेळ्यांना मोकळा करायचा. तिथे कलमं करायची नाहीत. नर तर नर, पाला तर देतील. मधल्या पट्ट्याला भक्कम बांध घालायचा, खालच्या पट्ट्यात प्रत्येक घराने ठरवून दिल्याइतक्याच शेळ्या न्यायच्या, जास्त नाही. पोरांना कळू दे की इथेही पोट भरतं.

"शेळ्या? खालच्या पट्ट्यात?" रोपवालीचा आवाज चढला. खालचा पट्टा म्हणजे तिने पहिल्यांदा लावलेली झाडं. तिथल्या प्रत्येक फांदीखालचा खड्डा तिने स्वतः खणला होता, पहिल्या उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं. कोणत्या झाडाने कधी पहिलं पान काढलं हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. दुसरं काहीही माग, ती म्हणाली.

"दुसरं मला काही नको," धाकटी म्हणाली आणि पुन्हा बी फोडायला लागली.

रोपवाली घरी आली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. गवंड्याला वाटलं, आजारी पडली. तिला बहिणीचा राग आला होता, आणि बहीण बरोबर बोलतेय याचा त्याहून जास्त. अधिकाऱ्याला विचारून बघितलं, त्याला मनातून वाटत होतं की तो तरी नाही म्हणेल. तो मेला म्हणाला की बेताने चारल्या तर काही बिघडत नाही, उलट गवत कमी राहिलं की वणव्याची भीती कमी. म्हणजे तिकडूनही आधार गेला. तिने उगाचच त्याच्या बुटांना चिखल लागलाय म्हणून त्याला झापलं.

पुढे जे झालं ते सांगायला सोपं आहे, करायला सोपं नव्हतं. गवंड्याने आणि शेजारच्या माणसांनी मिळून मधल्या पट्ट्याच्या कडेने दगडाचा कोरडा बांध घातला. तो पुरा झाला त्या सकाळी रोपवाली खाली गेली, काटेरी कुंपणाच्या तारा तिने स्वतः सोडवल्या, गुंडाळल्या आणि बाजूला ठेवल्या. गावात उरलेल्या आणि पाहुण्यांकडून आणलेल्या मिळून थोड्याशाच शेळ्या होत्या. त्या आधी बिचकल्या, मग आत गेल्या. पानगळीमुळे झाडांवर पाला फारसा नव्हता, तेव्हा एकीने मागच्या पायांवर उभी राहून थेट कोवळी साल सोलायला सुरुवात केली. रोपवाली दोन पावलं पुढे झाली. गवंड्याने तिचा कोट मागून धरला. तिचे हात काठी शोधत होते. शेळ्या राखायला आलेल्या बाईने त्या शेळीला पुढे हाकललं, पण झाडाची साल गेली ती गेली. सगळे पाहून घरी गेले तरी ती तिथेच उभी होती.

दुपारी ती गोणपाटं भिजवून, सुतळी घेऊन धाकटीच्या परसात आली. धाकटीने शिडी आधीच लावून ठेवली होती. रोपवाली करवत घ्यायला पुढे झाली तर धाकटी म्हणाली, माझं झाड आहे, मीच कापणार. आणि ती चढली.

फांद्या एकेक करून खाली यायला लागल्या. खाली रोपवाली त्यांच्यावरून टपोऱ्या डोळ्यांच्या पेन्सिलीएवढ्या काड्या निवडायची, कात्रीने उतरवायची, जुडी बांधायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. झाड पिचकं होतं तरी काड्या सुरेख होत्या. गाठींच्या आडून, मोडलेल्या खांद्यांतून सरळ वर आलेल्या. रोपवालीने इतक्या वर्षांत त्या कधी नीट बघितल्याच नव्हत्या. वर बघितलं तर झाडाचं निव्वळ खोड आणि तोडलेले पांढरे खांदे दिसत होते. परसात एरवी सावली असायची तिथे ऊन येऊन पडलं होतं.

शेवटी एकच फांदी राहिली, घराच्या बाजूला झुकलेली. तिच्या एकटीवर निदान वर्षाच्या घरच्या तेलाइतकं फळ आलं असतं. रोपवालीने खालून हाक मारली की ती राहू दे, तुला असू दे तेवढी.

"काड्या पुरतील?" धाकटीने वरून विचारलं.

पुरतील म्हणणं अगदी तोंडावर आलं होतं. रोपवालीने जुड्यांकडे बघितलं, मनात हिशेब केला, पुन्हा केला.

"नाही पुरणार," ती म्हणाली. "आणि पुरल्या तरी सगळी कलमं धरतील असं नाही. निम्मी धरतील, नाही तर एकही नाही. हे झाड जगेल का तेही मला माहीत नाही. मला खरंच काही माहीत नाही गं."

धाकटी शिडीवर तशीच उभी राहिली. करवतीचा भुसा तिच्या केसांत, खांद्यावर सगळीकडे पडला होता. तिने खाली बहिणीकडे बघितलं.

"हे तेव्हा म्हणाली असतीस ना, ताई," ती म्हणाली, "तरी मी शेळ्या विकल्या असत्या."

आणि तिने त्या फांदीला करवत लावली.